सॉकेट बदलताना शेजारचा स्विच कोणत्या प्रकारचा आहे, हे कसे ओळखावे?

मूळ धागा

नमस्कार. घरातल्या एका बोर्डावरचा सॉकेट बदलायला घेतला आणि सॉकेटपेक्षा त्याच्या शेजारच्या स्विचनेच मला अडकवले, म्हणून हा धागा काढत आहे.

गेले काही आठवडे इस्त्रीचा प्लग काढताना त्याची एक पिन हाताला चांगलीच गरम लागत होती. परवा नीट पाहिले, तेव्हा सॉकेटच्या उजव्या छिद्राभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले आणि जवळ गेल्यावर जळका वासही आला. घराचा मुख्य स्विच बंद करून पट्टी उघडली. सॉकेटमागच्या एका स्क्रूखाली वायरच्या बारीक तारांपैकी जेमतेम निम्म्या तारा धरलेल्या होत्या. उरलेल्या बाहेर पसरून काळ्या पडल्या होत्या. शेजारच्या स्विचचा खटकाही सैल झाला होता, म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत असे ठरवले.

जुन्या स्विचला मागे तीन स्क्रू होते. त्यांपैकी दोघांत वायरी होत्या आणि एक रिकामा होता. नवा स्विच आणला, त्यालाही तीन स्क्रू आहेत. चूक अशी झाली की वायरी सोडवताना कोणती वायर कोणत्या स्क्रूत होती, हे मी लिहून ठेवले नाही. मग दोन टोकांच्या स्क्रूंमध्ये दोन वायरी लावल्या आणि मधला स्क्रू रिकामा सोडला. आता स्विच वर करा किंवा खाली करा, सॉकेटला वीज मिळत नाही. सॉकेट नवा आहे आणि त्यातल्या वायरी घट्ट आहेत.

केवळ 'ही वायर तिकडे लावा' एवढे उत्तर मला नको आहे. वन-वे, टू-वे, डीपी असे शब्द कानावर पडतात; त्यांच्यात नेमका फरक काय आणि सॉकेटसाठी त्यांतला कोणता घ्यावा, हे मला समजून घ्यायचे आहे. आणखी एक गोष्ट खटकली: जुन्या सॉकेटवर १६ हा आकडा आहे आणि जुन्या स्विचवर ६. हे चालते का?

प्रतिसाद १

तुमच्या हाती आलेला स्विच टू-वे आहे आणि तुम्ही वायरी लावल्या आहेत त्या पद्धतीने तो सॉकेटला कधीच वीज देणार नाही. कारण समजले की बाकीचे प्रकारही आपोआप उलगडत जातील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साधा स्विच म्हणजे वन-वे. त्याला दोन स्क्रू असतात. एका स्क्रूत येणारी फेज, म्हणजे वीज आणणारी चालू वायर, दुसऱ्यात सॉकेटकडे जाणारी वायर. खटका एका बाजूला केला की आतली पट्टी दोन्ही टोके जोडते, दुसऱ्या बाजूला केला की तोडते. सॉकेटसाठी एवढे पुरते.

टू-वे स्विचमध्ये पट्टी कधीच मोकळी नसते. मधला स्क्रू, ज्याला आम्ही 'कॉमन' म्हणतो, तो एका वेळी वरच्या टोकाला जोडलेला असतो आणि खटका फिरवला की खालच्या टोकाला. हा स्विच मुळात जिन्यातल्या दिव्यासाठी असतो. खालच्या मजल्यावर एक, वरच्या मजल्यावर एक आणि दोघांच्या टोकांमध्ये दोन वायरी. कोणत्याही बाजूने दिवा लावता यावा आणि घालवता यावा, हे त्याचे काम. तुम्ही वायरी लावलेली दोन टोके स्विचच्या आत एकमेकांशी कधीही जोडली जात नाहीत. दोघांचाही संबंध फक्त कॉमनशी येतो, आणि तोही आळीपाळीने. म्हणून खटका कुठेही असला तरी सॉकेट बंदच.

टू-वे स्विच वन-वेसारखा वापरता येतो. येणारी फेज कॉमनमध्ये घ्यायची, सॉकेटची वायर कोणत्याही एका टोकात लावायची, दुसरे टोक रिकामे ठेवायचे. जुन्या बोर्डावर तसेच केलेले होते. टोक निवडताना एवढेच पाहायचे की घरातले बाकीचे स्विच ज्या बाजूला दाबल्यावर चालू होतात, त्याच बाजूला हाही चालू व्हावा. हे किरकोळ वाटते, पण अंधारात किंवा घाईत 'बंद आहे' असे समजून कोणी हात घालतो तेव्हा ते किरकोळ राहत नाही.

एक इशारा: कॉमन नेहमी मधोमधच असतो असे गृहीत धरू नका. काही स्विचमध्ये तो एका बाजूला एकटा असतो आणि समोरच्या बाजूला दोन टोके असतात. मागच्या बाजूला कोरलेली इंग्रजी अक्षरे पाहावीत. कॉमनला सी किंवा सीओएम आणि टोकांना एल-१, एल-२ असे बहुधा लिहिलेले असते.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. 'आत पट्टी मोकळी नसतेच' हे वाक्य वाचले आणि लगेच लक्षात आले. मुख्य स्विच पुन्हा बंद करून येणारी वायर कॉमनवर घेतली आणि सॉकेट चालू झाला.

मात्र आता दुसरी शंका निर्माण झाली आहे. स्विच बंद असताना सॉकेटच्या छिद्रांत स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर घालून पाहिला. उजव्या छिद्रात दिवा लागत नाही, हे ठीक. पण डाव्या छिद्रात तो लख्ख लागतो. अर्थिंगची पिन वर धरून समोरून पाहिले, तर फेज उजवीकडे असावी असे मी वाचले आहे. जुना सॉकेटही असाच होता का, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

प्रतिसाद २

कृपया तो सॉकेट अजून वापरात घेऊ नका. तुम्ही जे सांगत आहात त्याचा सरळ अर्थ असा निघतो की तुमचा स्विच फेज तोडत नाही, न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) तोडतो.

एकेरी स्विच, मग तो वन-वे असो वा टू-वे, एकच वायर तोडू शकतो. ती वायर फेजच असली पाहिजे. न्यूट्रल तोडला तरी इस्त्री बंद पडते, दिवा विझतो, सगळे ठीक असल्यासारखे वाटते. पण उपकरणाच्या आतपर्यंत फेज पोहोचलेलीच असते. उकळत्या पाण्याच्या भांड्यातली कॉइल फुटलेली असेल किंवा टेबल-लॅम्पचा होल्डर उघडा असेल, तर स्विच बंद करूनही हात लावणाऱ्याला धक्का बसतो. या दोषाची वाईट गोष्ट अशी की तो रोजच्या वापरात कधीच दिसत नाही. तुमच्यासारखे कोणी स्विच बंद ठेवून टेस्टर लावून पाहते तेव्हाच तो सापडतो.

तरीही केवळ त्या टेस्टरवर निर्णय घेऊ नका. निऑनचा दिवा असलेला टेस्टर अत्यल्प प्रवाहावर लागतो. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीच्या प्रभावाने तुटक्या, कशालाच न जोडलेल्या वायरीतही तो मंद लागू शकतो. उलट पायात जाड रबरी चप्पल असेल आणि भर उजेड असेल, तर खऱ्या फेजवरही तो लागलेला कळत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी डावे छिद्र आणि अर्थिंग, मग उजवे छिद्र आणि अर्थिंग असे मोजा. एकात पूर्ण व्होल्टेज आणि दुसऱ्यात शून्याच्या आसपास, असे यायला हवे. मीटर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर तपासा, मग इथे मोजा आणि शेवटी पुन्हा त्या चालू सॉकेटवर तपासा. मधल्या वेळात मीटरच बिघडला नाही याची खात्री त्यानेच होते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. अदलाबदल नेमकी कुठे झाली आहे, यावर धोका ठरतो. ती एमसीबीच्या (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) पुढे, म्हणजे एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये झाली असेल, तर एमसीबी बंद केल्यावर फेज तुटते आणि काम करताना तुम्ही सुरक्षित राहता. पण ती घरात येणाऱ्या मुख्य वायरीतच झाली असेल, तर एकेरी एमसीबी खाली पाडूनही सगळे सॉकेट चालू फेजवर राहतात. म्हणून दोन्ही वायरी तोडणारा मुख्य स्विच बंद करून आणि नंतर मोजून मगच हात घालावा. तुम्ही पहिल्यापासून मुख्य स्विचच बंद केलात, हे फार चांगले झाले.

प्रतिसाद ३

१६ आणि ६ या आकड्यांविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. माझ्या मते सॉकेट जळण्याच्या गोष्टीत तो प्रश्न मध्यभागी आहे.

स्विचवर लिहिलेला ॲम्पियरचा आकडा म्हणजे तो किती प्रवाह सतत वाहून नेऊ शकतो आणि तोडू शकतो याची मर्यादा. २३० व्होल्टवर ६ ॲम्पियर म्हणजे सुमारे १,३८० वॅट, १० ॲम्पियर म्हणजे २,३०० वॅट आणि १६ ॲम्पियर म्हणजे ३,६८० वॅट. तुमची इस्त्री १,००० वॅटची असेल तर ती साधारण ४.३ ॲम्पियर घेते आणि ६ च्या स्विचवर चालते. पण सॉकेट १६ चा आहे, त्यात जाड पिनांचा प्लग बसतो, त्यामुळे घरातले कोणीही त्यावर २,००० वॅटचा हीटर लावू शकते. तो ८.७ ॲम्पियर घेतो. सॉकेट ते सहन करील, स्विच करणार नाही. घराच्या वायरिंगमध्ये सर्वांत कमकुवत जागा ही स्विच, सॉकेट, वायर आणि एमसीबी यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान त्याची असते. आणि त्या जागेला वाचवायचे असेल, तर एमसीबीचा आकडा तिच्याहून मोठा असता कामा नये.

आता त्या अर्धवट पकडलेल्या तारांकडे पाहा. जिथे जोड सैल असतो तिथे थोडा रोध निर्माण होतो. तो केवळ ०.१ ओहम धरला, तरी ४.३ ॲम्पियरला त्या स्क्रूपाशी जेमतेम २ वॅट उष्णता निर्माण होते, पण ८.७ ॲम्पियरला तीच साडेसात वॅटच्या पुढे जाते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. साडेसात वॅट हा आकडा लहान वाटेल, पण ती उष्णता हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बंद पेटीत, तासन्‌तास साठत राहते. तांबे तापते, त्यावर काळा थर चढतो, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. तुम्हाला दिसलेला तपकिरी डाग असा तयार होतो. अशा वेळी एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

म्हणून नुसता नवा सॉकेट बसवून भागणार नाही. काळ्या पडलेल्या तारा चांगले, चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापून टाका, सगळ्या तारा एकत्र पिळून स्क्रूखाली द्या, स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा. वायर तेवढी लांब उरत नसेल, तर ओढाताण करून बसवू नका. योग्य कनेक्टरने ती लांबवावी. आणि स्विच १६ चाच घ्या. त्याआधी मागची वायर त्या प्रवाहाची आहे का, हेही तपासून घ्या. दिव्यांसाठी टाकलेल्या १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर १६ चा स्विच आणि १६ चा सॉकेट बसवणे म्हणजे वापरणाऱ्याला खोटे आश्वासन देणे होय.

थोडे विषयाच्या कडेचे, पण उपयोगाचे: स्विचवर २५० व्होल्ट एसी असे लिहिलेले असते, त्यातला 'एसी' महत्त्वाचा असतो. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका सोडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. डीसीमध्ये ती विझायला मदत करणारे असे काही नसते. सौर पॅनेलच्या डीसी वायरीवर घरगुती स्विच लावणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

प्रतिसाद ४

डीपी स्विचविषयी लिहितो, कारण आमच्या नात्यातल्या एका घरी चार स्क्रूंच्या स्विचने मोठा अपघात व्हायचा राहिला.

डीपी म्हणजे दोन्ही ध्रुव तोडणारा स्विच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच खटक्याने तुटतात. त्याला चार स्क्रू असतात: दोन येणाऱ्या वायरींचे, दोन जाणाऱ्या. पाणी तापवणारा गिझर, वातानुकूलन यंत्र अशा मोठ्या, भिंतीवर कायम बसवलेल्या उपकरणांसाठी हाच योग्य, कारण दुरुस्तीच्या वेळी उपकरण पुरवठ्यापासून पूर्ण सुटे होते.

पण चार स्क्रूंचा आणखी एक स्विच असतो: इंटरमीजिएट. जिन्यातला दिवा तीन किंवा अधिक ठिकाणांहून लावायचा असेल, तर दोन टू-वेंच्या मध्ये हा बसतो. एका स्थितीत तो दोन वायरी सरळ जोडतो, दुसऱ्या स्थितीत तिरक्या. तो काहीच तोडत नाही. बाहेरून दोघेही सारखेच दिसू शकतात.

त्या घरी गिझरसाठी डीपी समजून हाच बसवला गेला. खटका वर असताना फेज आणि न्यूट्रल सरळ जात, खाली केला की दोघांची अदलाबदल होई. म्हणजे गिझर दोन्ही स्थितींत चालूच. आतला थर्मोस्टॅट पाणी तापले की कॉइल बंद करीत असे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही. घरच्यांना वाटे की आपण बंद केला आहे. एका सकाळी, 'बंद' असलेल्या गिझरमधून कढत पाणी आले, तेव्हा शोध सुरू झाला. आणि हे तर सुदैव म्हणायचे. वायरी दुसऱ्या जोडीने लावल्या गेल्या असत्या, तर खटका फिरवताक्षणी फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना भिडून शॉर्ट झाला असता.

तेव्हापासून मी कोणताही नवा स्विच भिंतीत बसवण्याआधी हातात घेऊन तपासतो. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवायचा; दोन स्क्रू आतून जोडलेले असले की तो वाजतो. तो नसेल तर बॅटरी, छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. वन-वे असेल तर एकाच स्थितीत आवाज येतो. टू-वे असेल तर कॉमन आणि एक टोक यांच्यात प्रत्येक स्थितीत आवाज येतो, फक्त टोक बदलते. डीपी असेल तर 'चालू' स्थितीत दोन वेगवेगळ्या जोड्या वाजतात, 'बंद' स्थितीत एकही वाजत नाही. इंटरमीजिएट असेल तर दोन्ही स्थितींत दोन जोड्या वाजतात, पण जोडीदार बदलतात. दोन मिनिटांचे काम आहे आणि कागदावर चार टिंबे काढून रेषा ओढल्या की चित्र स्पष्ट दिसते. स्विच दाबून धरला तेवढा वेळच आवाज आला, तर ते घंटीचे बटण आहे. ते सॉकेटसाठी नाही.

प्रतिसाद ५

सर्व प्रतिसाद फार उपयुक्त आहेत. मला एक शंका आहे. माझ्याकडच्या नव्या स्विचमध्ये लाल इंडिकेटर आहे आणि त्यालाही तीन स्क्रू आहेत. वरच्या पद्धतीने तपासले, तर तिसरा स्क्रू कोणत्याच स्थितीत कोणाशीही वाजत नाही. स्विच खराब आहे का?

प्रतिसाद ४ च्या लेखकाचे उत्तर

खराब नाही. तो इंडिकेटरचा न्यूट्रल आहे. आतल्या छोट्या दिव्याच्या रांगेत मोठा रोध असतो, म्हणून मीटर वाजत नाही. त्या स्क्रूत न्यूट्रलची बारीक वायर जोडली की स्विच चालू असताना दिवा लागतो. तो टू-वे समजून सॉकेटची वायर तिथे लावली, तर सॉकेट चालणार नाही. दोन स्क्रूंचेही इंडिकेटर स्विच असतात. त्यांत दिवा खटक्याच्या दोन टोकांमध्येच जोडलेला असतो, म्हणून तो स्विच बंद असताना लागतो, आणि तोही पुढे काही उपकरण जोडलेले असेल तरच. अशा स्विचवर एलईडी दिवा असेल, तर बंद केल्यावरही तो अंधारात मिणमिणू शकतो.

प्रतिसाद ६

मी उत्तर अमेरिकेत राहतो. इकडचा सॉकेट बदलताना जी चूक माझ्याकडून झाली ती तुमच्या चर्चेला जोडून सांगतो, कारण ती स्विच आणि सॉकेट यांच्या नात्याचीच आहे.

इथे सॉकेटच्या शेजारी स्विच नसतो. काही खोल्यांमध्ये दाराजवळचा भिंतीवरचा स्विच खोलीतल्या एखाद्या जोड-सॉकेटचा फक्त अर्धा भाग चालू-बंद करतो, म्हणजे वरच्या छिद्रांत टेबल-लॅम्प लावला तर तो दारातून घालवता येतो आणि खालचा भाग कायम चालू राहतो. मी जुना सॉकेट काढून नवा बसवला, वायरी रंग पाहून तशाच लावल्या: पितळी स्क्रूंना फेज, चंदेरी स्क्रूंना न्यूट्रल, हिरव्या स्क्रूला अर्थिंग. दोन्ही भाग चालले, पण दाराजवळच्या स्विचने काहीच बंद होईना.

कारण दोन पितळी स्क्रूंच्या मध्ये एक छोटी धातूची पट्टी असते. ती वरचा आणि खालचा भाग जोडते. जुन्या सॉकेटमध्ये ती मुद्दाम तोडलेली होती. नव्यात ती शाबूत होती, त्यामुळे कायम चालू असलेली फेज स्विचच्या वायरीलाही मिळत राहिली. चंदेरी बाजूची पट्टी मात्र तोडायची नाही, कारण न्यूट्रल दोघांना एकच असतो. म्हणून जुना सॉकेट फेकून देण्याआधी त्याच्या बाजूंकडे नीट पाहावे. आधीच्या माणसाने काय बदल केले होते, हे तोच सांगतो.

सवयीने होणारी आणखी एक गल्लत: इथे स्विच वर केला की चालू होतो. ब्रिटनमध्ये आणि भारतात खाली केला की चालू होतो. व्होल्टेज १२० असल्यामुळे १,५०० वॅटचा हीटर इथे १२.५ ॲम्पियर घेतो, म्हणजे वरच्या प्रतिसादातले आकडे इथे तसेच वापरता येत नाहीत; भागाकार पुन्हा करावा लागतो. ज्यांच्याकडे युरोपातला गोल, दोन पिनांचा, दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग आहे, त्यांनी तर प्लग उलटा बसला की फेज दुसऱ्या पिनेत जाते हे लक्षात ठेवावे. तिथे उपकरणावरचा एकेरी स्विच कोणती वायर तोडील, याची खात्री देता येत नाही.

प्रतिसाद ७

आमच्या घरात लहान मूल आहे. सॉकेटचा स्विच बंद ठेवला म्हणजे पुरेसे आहे, असे मी आजवर मानत होते. दुसरा प्रतिसाद वाचून तो विश्वास डळमळला आहे.

प्रतिसाद २ च्या लेखकाचे उत्तर

तुमची शंका रास्त आहे. स्विच हे सोयीचे साधन आहे, त्याला संरक्षणाचे साधन मानू नये. मूल खटका दाबूही शकते, आणि वायरींची अदलाबदल झालेली असेल तर खटका बंद असूनही छिद्रात फेज असते. मुलांसाठी छिद्रांवर आतून झडप असलेला सॉकेट घ्यावा. त्यात फेज किंवा न्यूट्रल यांपैकी एकाच छिद्रात काही खुपसले तर झडप उघडत नाही. ब्रिटनच्या १९४७ साली आलेल्या बीएस १३६३ मानकाच्या सॉकेटमध्ये ही झडप असतेच, तिथे स्विच असणे मात्र सक्तीचे नाही, यावरून कशाला किती महत्त्व द्यावे हे कळते. याच्या जोडीला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी असावा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो की नाही हे तो सतत पाहतो आणि तेवढी तफावत दिसताच पुरवठा तोडतो. त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहत जा.

धागाकर्त्यांनाही याचा एक अनुभव येऊ शकतो: एकेरी एमसीबी बंद करून काम करताना न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकले, तर घराचा आरसीसीबी पडतो. घाबरण्याचे कारण नाही. न्यूट्रल तुटलेला नसतो आणि घरातल्या बाकी उपकरणांचा थोडा प्रवाह अर्थिंगकडे वळतो, म्हणून तसे होते.

आणि सर्वांसाठी: काही देशांत, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियात, घरातला सॉकेट बदलण्याचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावे असा कायदा आहे. आपण राहता तिथला नियम आधी पाहावा.

धागाकर्त्याचे उत्तर

दहा दिवसांनी परत लिहितो आहे, कारण काम पूर्ण झाल्यावरच सांगावे असे ठरवले होते.

मल्टिमीटरने मोजले. स्विच बंद असताना डावे छिद्र आणि अर्थिंग यांच्यात २३२ व्होल्ट, उजवे छिद्र आणि अर्थिंग यांच्यात शून्याच्या जवळ. दुसऱ्या प्रतिसादातले निदान अचूक होते. घरातले बाकीचे सगळे सॉकेट त्याच पद्धतीने तपासले. ते बरोबर निघाले, फक्त या बोर्डावरून ज्याला लूप (पुढे नेलेली वायर) गेला होता तो पुढचा सॉकेट मात्र उलटाच होता. म्हणजे दोष मुख्य वायरीत नसून वाटेत कुठेतरी होता. तो शोधणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, हे ओळखून मी एका अनुभवी वायरमनना बोलावले.

त्यांनी वरच्या जंक्शन बॉक्सचे झाकण काढले. पूर्वी कधीतरी दुरुस्ती करताना कोणीतरी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींसाठी लाल वायरच वापरली होती आणि जोडताना त्यांची अदलाबदल झाली होती. त्यांनी न्यूट्रलची वायर बदलून काळी टाकली, जोड नवे केले आणि खालपर्यंतची वायर पाहिली. ती २.५ चौरस मिलिमीटरची निघाली. त्या वायरीवरचा एमसीबीही १६ चाच आहे, त्यामुळे तिथे १६ चा सॉकेट ठेवायला हरकत नाही असे त्यांनी सांगितले. ६ चा टू-वे काढून टाकला आणि १६ चा वन-वे बसवला. तो बसवण्याआधी मी चौथ्या प्रतिसादाप्रमाणे मीटरने वाजवून पाहिला, तेव्हा त्यांनीही थांबून कागदावरची टिंबे पाहिली आणि जिन्यातला जुना स्विच तसाच तपासून घेतला.

जुना ६ चा स्विच मी घरी उघडून पाहिला. आतल्या पितळी पट्टीच्या टोकावरचा चांदीसारखा ठिपका झिजून खड्डा पडला होता आणि त्याच्याभोवती काजळी होती. हिवाळ्यात त्या सॉकेटवर हीटर लावला जात होता, हे घरच्यांशी बोलताना कळले.

आता स्विच बंद असताना दोन्ही छिद्रांत अर्थिंगच्या तुलनेत मीटर शून्याजवळ राहतो, आणि तासभर इस्त्री चालवूनही पिन कोमटसुद्धा होत नाही. पट्टी बंद करण्याआधी वायरींचा फोटो काढला आणि पट्टीच्या आतल्या बाजूला कागदी टेप चिकटवून त्यावर लिहिले: 'येणारी फेज स्विचच्या खालच्या स्क्रूत, त्याच स्क्रूतून लूप पुढच्या खोलीतल्या बोर्डाला, वायर २.५, एमसीबी १६.' खाली तारीख घातली.